श्वास रोखू नका, दम धरा!

मित्रांनो, आज एक छोटंसं कोडं सोडवूया. समजा, तुम्ही इंग्रजीतली एक गोष्ट वाचताय. गोष्टीतला टॉम आपल्या ताईला विचारतो, "जॉन माझी बॅट घेऊन गेलाय. उद्या आणून देईल ना गं तो?" ताई हातातल्या पुस्तकातून मानही वर न काढता म्हणते, "डोन्ट होल्ड युअर ब्रेथ!"

आता या वाक्यात अवघड शब्द एकही नाही. 'डोन्ट' म्हणजे नको. 'होल्ड' म्हणजे धरणं. 'युअर' म्हणजे तुझा. 'ब्रेथ' म्हणजे श्वास. सगळं जोडलं की होतं, "तुझा श्वास धरून ठेवू नकोस." पण टॉमनं विचारलं होतं बॅटबद्दल, मग ताई श्वासाबद्दल का बोलतेय? टॉमला दमा आहे का? की ताईचं लक्षच नव्हतं?

तसं काही नाही. ताईनं टॉमला अगदी नेमकं उत्तर दिलंय. ती म्हणतेय, "जॉन बॅट आणून देईल? बस वाट बघत!"

याला म्हणतात वाक्प्रचार. शब्दांचे अर्थ सुटे सुटे लावले तर हाती काही लागत नाही, सगळे मिळून मात्र वेगळंच काही सांगतात. आपल्याकडे नाही का, 'त्यानं पोबारा केला' असं म्हणतो? पो म्हणजे काय, बारा कशाचे, हे न कळताही तो पळून गेला एवढं आपल्याला समजतं. तसंच हे.

अर्थ लागतो कसा?

हा वाक्प्रचार निघाला कुठून, हे कळायला शब्दकोश नको. फक्त स्वतःकडे बघा. कबड्डीचा सामना शेवटच्या मिनिटाला आलाय, दोन्ही संघांचे गुण सारखे आहेत. किंवा निकालाच्या दिवशी गुरुजी यादी वाचतायत आणि तुमचं नाव आता येणार. अशा वेळी आपण काय करतो? श्वास रोखतो. कुणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. मग नाव आलं की 'हुश्श' करून तो सोडतो.

म्हणजे श्वास रोखणं हे 'आता काहीतरी घडणार' या भावनेचं लक्षण झालं. इंग्रजीत त्यावरून 'होल्ड युअर ब्रेथ' म्हणजे उत्सुकतेनं वाट पाहणं असा अर्थ तयार झाला. आता त्याच्या मागे 'डोन्ट' लावा. 'श्वास रोखू नकोस' म्हणजे 'इतक्या आशेनं वाट पाहू नकोस, कारण ते लवकर घडणार नाही. कदाचित कधीच घडणार नाही.' यात थोडी गंमतही लपलेली आहे. जर तू खरोखरच श्वास रोखून बसलास, तर बॅट यायच्या आधी तुझाच जीव कासावीस होईल!

हे बोलणं खोचक आहे, हे लक्षात ठेवा. मराठीत हाच टोमणा मारायचा तर आपण 'नको' म्हणतच नाही. आपण म्हणतो, "हो हो, बस वाट बघत!" इंग्रजी माणूस 'वाट बघू नको' म्हणून टोमणा मारतो, आपण 'बघ वाट' म्हणून मारतो. शब्द एकमेकांच्या उलट, अर्थ मात्र एकच. भाषांतर करताना म्हणून शब्दांमागे धावायचं नसतं, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे तिकडे बघायचं असतं.

वापरायचा कसा?

हा वाक्प्रचार तीन-चार तऱ्हांनी येतो. सरळ आज्ञा म्हणून 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' हे तर आपण पाहिलंच. स्वतःबद्दल बोलताना 'आय ॲम नॉट होल्डिंग माय ब्रेथ' म्हणतात. म्हणजे 'मी काही आस लावून बसलेलो नाही.' सल्ला द्यायचा असेल तर 'आय वुडन्ट होल्ड माय ब्रेथ'. म्हणजे 'तुझ्या जागी मी असतो तर वाट बघत बसलो नसतो.' हा प्रकार जरा मवाळ आहे, ऐकणाऱ्याला कमी टोचतो.

कुणाला म्हणायचा? मित्राला, भावंडाला, बरोबरीच्या माणसाला. आपले सर, बाई, आजोबा किंवा घरी आलेले पाहुणे यांना हे म्हणाल तर ते उद्धटपणाचं ठरेल. अर्जात किंवा मुख्याध्यापकांच्या पत्रात तर हा वाक्प्रचार चुकूनही लिहू नका. तिथं साधं, सरळ लिहावं. परीक्षेतल्या संवादलेखनात मात्र दोन मित्रांच्या तोंडी घातलात तर तो शोभून दिसेल.

आणि एक स्पेलिंगची खूणगाठ. श्वास हे नाम 'ब्रेथ'. श्वास घेणं हे क्रियापद 'ब्रीद'. लिहिताना क्रियापदाच्या शेवटी एक 'ई' जास्त येतो. बोलताना तोंडातला स्वरही लांबतो. वाक्प्रचारात नाम आहे, म्हणून शेवटी 'ई' नाही.

श्वास किती वेळ रोखता येतो?

वाक्प्रचाराची गंमत नीट कळायची तर शरीराला थोडं विचारायला हवं. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. लहान मुलांचा वेग याहून थोडा जास्त असतो. मिनिटाला १५ धरले तरी दिवसाचे २१,६०० श्वास होतात! आणि यातला एकही आपण आठवण ठेवून घेत नाही. मेंदूच्या तळाशी लंबमज्जा नावाचा भाग असतो. तो आपण झोपलो तरी हे काम चालू ठेवतो.

बऱ्याच जणांना श्वास अर्धा ते एक मिनिट रोखता येतो. मग छाती भरून येते, पोट आत-बाहेर व्हायला लागतं आणि 'आता नको' असं होतं. तुम्हाला वाटेल, आतला ऑक्सिजन संपला म्हणून असं होत असेल. पण तसं नाही. आपण आत घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासातून बाहेर सोडतो त्या हवेतही तो सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. घाई लावतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास रोखला की तो रक्तात साठत जातो, लंबमज्जेला त्याची वर्दी लागते आणि मग ती श्वासपटलाला हुकूम सोडते, "चल, लाग कामाला!" तुमची इच्छा कितीही असो, त्या हुकमापुढे ती टिकत नाही.

काही जण वर्षानुवर्षं सराव करून हा वेळ वाढवतात. २००९ साली फ्रान्सच्या स्टेफान मिफसूद यांनी पाण्यात निश्चल राहून ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. २०२१ साली क्रोएशियाच्या बुदिमिर शोबात यांनी आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन २४ मिनिटं ३७ सेकंदांचा विक्रम केला. पण यांच्या आजूबाजूला डॉक्टर आणि मदतनीस सज्ज असतात, बरं का. विहिरीत, तळ्यात किंवा तरणतलावात मित्रांशी श्वास रोखायची पैज कधीही लावू नका. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणं तर त्याहून धोक्याचं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होतो, धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो.

तर सांगायचं काय, श्वासाची मुदत मिनिटाची. एवढ्या मुदतीत जे होणार नाही, त्यासाठी श्वास रोखून बसणं वेडेपणाचं. वाक्प्रचार हेच सांगतो.

श्वासाचं गोतावळं

इंग्रजीत श्वासावरून आलेली आणखी बरीच मंडळी आहेत. त्यांचीही ओळख करून घेऊ.

'विथ बेटेड ब्रेथ' म्हणजे श्वास रोखून, अतिशय उत्सुकतेनं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात हे शब्द येतात, म्हणजे ते चारशे वर्षांहून जुने आहेत. 'बेटेड' हे 'अबेट' म्हणजे कमी होणं या शब्दाचं कापलेलं रूप. म्हणून स्पेलिंगमध्ये 'बी'नंतर 'ए' आणि लगेच 'टी' येतो. मध्ये 'आय' घातलात तर 'गळाला लावलेलं आमिष' असा अर्थ होतो आणि श्वासाला मासे लागायचे!

'सेव्ह युअर ब्रेथ' म्हणजे 'बोलून उपयोग नाही, तोंडाची वाफ दवडू नकोस.' 'कॅच युअर ब्रेथ' म्हणजे धापा टाकून झाल्यावर जरा दम खाणं. 'अंडर युअर ब्रेथ' म्हणजे पुटपुटत, कुणाला ऐकू जाणार नाही असं. गृहपाठ जास्त मिळाला की वर्गात जे चालतं ते! 'ब्रीदिंग स्पेस' म्हणजे दोन कामांच्या मध्ये मिळालेली उसंत. आणि एखादं दृश्य 'टेक्स युअर ब्रेथ अवे' म्हणजे ते पाहून आपण क्षणभर थक्क होतो.

आपला दम

आता मराठीकडे वळू. श्वासाला आपल्याकडे आणखी एक जबरदस्त शब्द आहे, दम. हा फारसीतून आला आणि तिथंही त्याचा अर्थ श्वास. मराठीत तो असा काही मुरला की त्याच्याशिवाय आपलं पानही हलत नाही. पळून आलं की दम लागतो. झाडाखाली बसलं की आपण दम खातो. वडील रागावले की दम देतात. कविता एका दमात पाठ म्हणायची, जिना दमादमानं चढायचा. खाऊचा डबा दिसला की कुणाला दम निघत नाही. आणि पहिलवान असला तर त्याच्यात दम आहे असं लोक म्हणतात.

यातलाच एक आहे 'दम धरणं'. बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखाली खामगाव-शेगावकडे जा किंवा घाटावर चिखली-मेहकरकडे, हा शब्द तुम्हाला दिवसातून दहादा ऐकू येईल. नातू लोण्यासाठी भुणभुण करतो तेव्हा आजी म्हणते, "दम धर नं बाबू, ताक घुसळू दे, मंग लोणी भेटीन."

आता हे वाक्य इंग्रजीत करा बघू. दम म्हणजे ब्रेथ, धर म्हणजे होल्ड. झालं 'होल्ड युअर ब्रेथ'! पण ते चुकलं. आजी नातवाला श्वास रोखायला सांगत नाहीये. ती सांगतेय, शांत राहा, घाई करू नकोस, लोणी येणार आहे. इंग्रजीत यासाठी 'बी पेशंट' म्हणावं लागेल.

गंमत बघा. दोन्ही भाषांमध्ये शब्द जवळजवळ तेच, अर्थ मात्र दोन टोकांचे. इंग्रजी म्हणते, श्वास धरू नको, कारण ते येणार नाही. आजी म्हणते, दम धर, कारण ते येणार आहे.

हा फरक का पडला असेल? माझ्या मते याचं उत्तर कबड्डीच्या मैदानावर सापडतं. आपल्या आजोबांच्या वेळचं हुतूतू म्हणा हवं तर. चढाई करणारा खेळाडू 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात शिरतो. त्याचा दम तिथं तुटला तर तो बाद. पण त्यानं श्वास कोंडून धरलेला असतो का? मुळीच नाही. कोंडला तर तोंडातून शब्द कसा निघेल? तो छातीतली हवा थोडी थोडी, बेतानं सोडत असतो आणि सोडता सोडता हात-पाय चालवून गडी टिपत असतो. चांगल्या खेळाडूचा दम टिकतो तो असा.

म्हणजे श्वास रोखणं हे थांबून राहणं आहे, आणि दम धरणं म्हणजे काम चालू ठेवून ताकद पुरवून वापरणं. एकात माणूस पुतळ्यासारखा बसतो, दुसऱ्यात तो खेळतो. आता हे नुसतं शब्दांपुरतं आहे असं समजू नका. बुलडाणा जिल्ह्यातच याची दोन मोठी उदाहरणं आहेत.

रेल्वेची वाट

पहिलं उदाहरण रेल्वेचं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. बुलडाणा जिल्ह्यात तो घाटाखालच्या सपाटीवरून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. खामगाव मात्र थोडं बाजूला राहिलं. पण खामगाव म्हणजे त्या काळची कापसाची मोठी बाजारपेठ! १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. त्यामुळे जलंबहून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. मुख्य मार्ग नागपूरला पोचल्यावर तीन वर्षांत खामगावला गाडी आली!

पुढे १९०० सालच्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून निघालेली रेल्वे जालन्यावरून हैदराबादकडे गेली. आता नकाशा समोर घ्या. वर खामगाव, खाली जालना, दोन्हीकडे रेल्वे. मध्ये चिखली आणि देऊळगाव राजा ही गावं. हे दोन टोक जोडले तर विदर्भ आणि मराठवाडा थेट जोडले जातील, घाटावरच्या तालुक्यांना रेल्वे मिळेल. अंतर साधारण १६० किलोमीटर. ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. पणजोबांनी केली, आजोबांनी केली, वडिलांनी केली. सर्वेक्षणं झाली, निवेदनं गेली, उपोषणं झाली. गाडी अजून धावलेली नाही. बुलडाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथं रेल्वे स्टेशन नाही. गाडीसाठी मलकापूर गाठावं लागतं.

एखादा इंग्रज इथं आला आणि चिखलीच्या माणसानं त्याला विचारलं, "आमची रेल्वे कधी येईल?" तर तो काय म्हणेल, ते तुम्हाला आता सांगायला नको!

रेल्वेमार्ग बांधणं सोपं नसतं, हेही खरं. आधी सर्वेक्षण, मग खर्चाचा अंदाज, मंजुरी, पैशाची तरतूद, जमीन ताब्यात घेणं आणि मग माती, पूल, रूळ. इथं तर घाट चढायचा आहे. आगगाडीला मोटारीसारखा खडा चढ चालत नाही, तिला हळूहळू वर नेणारा लांबचा मार्ग शोधावा लागतो. कापूस मुंबईला न्यायचा होता तेव्हा सरकारनं घाई केली, कारण त्यात गिरण्यांचा फायदा होता. घाटावरच्या माणसांसाठी तशी घाई कुणाला वाटली नाही.

पण या लोकांनी केलं काय? ते श्वास रोखून बसले नाहीत. रेल्वे येईपर्यंत शेत पेरायचं नाही, मुलांना शाळेत घालायचं नाही, असं कुणी ठरवलं नाही. रस्त्यानं माल नेला, एस.टी.नं प्रवास केला, गावं वाढवली आणि मागणीही सोडली नाही. दर पिढीनं ती पुढच्या पिढीच्या हातात दिली. याला म्हणायचं दम धरणं. गाडी येईल तेव्हा येईल. पण मागणी जिवंत आहे ती त्यांच्यामुळे.

लोणारचं उत्तर

दुसरं उदाहरण लोणारचं, आणि इथं वाट पाहिल्याचं फळही मिळालं आहे. लोणारचं विवर काठावर उभं राहून पाहिलं की खरोखर थक्क व्हायला होतं. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारे १५० मीटर खोल असं हे वाटोळं भांडं, आणि तळाशी खारं पाणी. सोळाव्या शतकातल्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथातही लोणारचा उल्लेख आहे. लवणासुराला विष्णूनं इथं मारलं, अशी कथा गावात सांगतात.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली आणि शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, हे झालं कसं? सगळीकडे काळा बेसाल्ट खडक, म्हणजे थंड झालेला लाव्हा. मग हे ज्वालामुखीचं तोंड असणार, असं बहुतेकांना वाटलं. १८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं ॲरिझोनातल्या एका विवराशी लोणारचं साम्य दाखवलं. पण त्या वेळी तेही विवर ज्वालामुखीच्या वाफेनं झालं असावं, असाच त्याचा निष्कर्ष होता. अर्धशतकाहून जास्त काळ गेला. ॲरिझोनाचं विवर अशनी आदळून झालं हे १९६०च्या सुमारास पक्कं झालं. मग लोणारचं काय?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं तलावाच्या तळाला भोकं पाडून खालचे खडक बाहेर काढले. ते तपासले तेव्हा त्यात मास्केलिनाइट सापडलं. खडकातल्या खनिजाला जबरदस्त धक्का बसला तर ते न वितळताच काचेसारखं होतं, त्याला हे नाव आहे. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही, तो वेगानं येऊन आदळणारा अशनीच देतो. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून 'सायन्स' या नियतकालिकात हे जाहीर केलं. लोणारचं कोडं सुटलं!

१८२३ ते १९७३. दीडशे वर्षं झाली की हो! म्हणजे सुमारे ७ कोटी ८९ लाख मिनिटं. अलेक्झांडरला कुणी विचारलं असतं, "याचं उत्तर कधी मिळेल?" तर 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' हे अगदी योग्य उत्तर झालं असतं. तरीही उत्तर मिळालं. कारण एकानं नोंद केली, दुसऱ्यानं तुलना केली, तिसऱ्यानं भोकं पाडली, चौथ्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. यातल्या पहिल्या दोघांनी तर शेवटचं उत्तर पाहिलंही नाही.

आणि काम अजून चालूच आहे. हे विवर सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. जून २०२० मध्ये तर लोणारचं पाणी चक्क गुलाबी झालं! सगळीकडे चर्चा सुरू झाली. तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाणी तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे हे झालं. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत जागा मिळाली.

मग आपण काय म्हणायचं?

आता परत आपल्या घरात येऊ. 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' हा वाक्प्रचार हुशार आहे, वापरायला मजेदार आहे. पण तो नेहमी खरा असतोच असं नाही. तुमची धाकटी बहीण म्हणाली, "मी जिल्हा संघात कबड्डी खेळणार," आणि तुम्ही फटकन म्हणालात, "बस वाट बघत!" तर सगळे हसतील. पण तिच्या मनातून काहीतरी गळून पडेल. तिथं 'दम धर' म्हणा आणि सकाळी तिच्याबरोबर मैदानावर जा.

उलट, जे होणारच नाही तिथं उगाच आशा लावणंही बरं नाही. आई-बाबा, हे थोडं तुमच्यासाठी. मुलानं सायकल मागितली की आपण पटकन म्हणतो, "बघू." मुलगा रोज श्वास रोखून बघत राहतो, आणि आपण विसरून जातो. त्यापेक्षा "या वर्षी जमणार नाही, कापूस विकला की पुढच्या दिवाळीत बघू" असं सरळ सांगितलं, तर त्याला दम धरायला काहीतरी आधार मिळतो. तो वहीत दिवाळीवर खूण करील आणि खेळायला जाईल.

चला, थोडा सराव

खाली पाच प्रसंग दिले आहेत. 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' कुठे बसेल आणि 'दम धर' कुठे, ते ओळखा.

१. आळशी गण्या म्हणतो, "उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणार." हे तो गेली दोन वर्षं म्हणतोय.

२. पेरणी झाली, चार दिवस झाले, छोटी मीना विचारते, "अजून ज्वारी का उगवली नाही?"

३. "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी लावलेल्या दुकानात बंड्या उद्या उधारी मागायला जायचं म्हणतोय.

४. सायकल शिकताना राजू तिसऱ्यांदा पडला आणि म्हणाला, "मला येणारच नाही."

५. मुख्याध्यापकांनी विचारलं, "सहलीचे पैसे सगळे आणतील ना?"

उत्तरं : पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगात इंग्रजी वाक्प्रचार चपखल बसतो. तिसऱ्यात तर उद्या कधी उगवतच नाही, कारण पाटी उद्याही तीच असते! दुसऱ्या आणि चौथ्यात 'दम धर'. पाचव्यात मात्र दोन्ही नको. उत्तर काहीही असलं, तरी मुख्याध्यापकांना "विचारून सांगतो, सर" एवढंच म्हणावं.

आणि घरच्या मोठ्यांकडून 'दम' या शब्दाचे आणखी पाच वाक्प्रचार मिळवून वहीत लिहा. आजीला विचाराल तर दहा मिळतील. ती कामात असेल तर मात्र जरा दम धरा!